माझी जीभ सुटली त्या रात्री

बंधुभगिनींनो, प्रार्थनेत पवित्र आत्मा तोंडी घालतो असं आम्ही ख्रिस्ती मानतो त्या, न शिकलेल्या 'अन्य भाषेत' मी पहिल्यांदा बोलले तेव्हा १९ वर्षांची होते. उपास-प्रार्थनेचा तिसरा दिवस. प्रार्थना चालवणाऱ्या ताईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घामाने ओला, जड हात. म्हणाल्या, "हालेलूया म्हणत राहा. भरभर म्हण, विचार करू नकोस." म्हणता म्हणता शब्द एकमेकांत मिसळले आणि तोंडून भलतंच काही येऊ लागलं. मी रडत होते. तो आनंद खोटा नव्हता, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते.

शंका आली आठवड्याभराने. घरी एकटी प्रार्थना करताना लक्षात आलं, 'शबारा, कंदाला' हे तर ताईंचेच उच्चार. हेलसुद्धा त्यांचाच. मग आत्म्याने दिलं ते कुठलं आणि मी कानांनी उचललं ते कुठलं? विचारलं तर "विश्वासात कमी पडतेस" एवढंच ऐकायला मिळालं. माझ्या मैत्रिणीची जीभ सुटलीच नाही. तिला आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाला नाही, म्हणजे पवित्र आत्मा तिच्यात उतरलाच नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं गेलं. ती मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, यायची बंद झाली. ते मला अजून सलतं.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल विचारतो, सगळेच अन्य भाषांत बोलतात काय? चौदाव्या अध्यायात तर तो शिस्तच घालून देतो: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. आमच्याकडे चाळीस जण एकदम बोलायचे आणि अर्थ कोणीच सांगत नसे.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी मात्र पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवावं. पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, १९०५ साली मोठी आत्मिक जागृती झाली. १९०६ मध्ये तिथल्या मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. जिथून हे सगळं जगभर पसरलं असं म्हणतात, ती अमेरिकेतल्या लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृतीही त्याच वर्षीची. रमाबाईंनी मुलींची तोंडं बंद केली नाहीत. पण ज्यांना हे दान नाही त्यांना आत्मा मिळालाच नाही, असंही मुक्तीत धरलं गेलं नाही. आणि त्याच रमाबाई हिब्रू-ग्रीक मुळावरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी १९२२ साली देह ठेवीपर्यंत राबत होत्या. साध्या बाईला वाचून कळावं, एवढ्यासाठी! कळणाऱ्या शब्दांसाठी केलेले ते कष्ट मला आत्म्याचंच काम वाटतात.

गेल्या वर्षी मावशी शेवटच्या आजारात होती. तिचा हात धरून प्रार्थना करताना माझ्या तोंडून तेच जुने उच्चार आले. तिने डोळे उघडले. "मला कळेल असं म्हण ना गं."

मी थांबले. मग म्हटलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." पुढचं तिनेच म्हटलं, अगदी हळू, "मला काही उणे पडणार नाही."

एकटी असताना ते उच्चार अजून येतात. मी ते अडवत नाही. पण ते कुठून येतात, असं मला कोणी विचारलं, तर खात्रीने सांगता येत नाही.