लग्नसंबंधाच्या बाबतीत

मित्रहो, 'वंश आणि माझं आयुष्य' असा भारदस्त विषय संयोजकांनी दिलाय. मी पडलो सिव्हिल इंजिनिअर. तेव्हा घरातलंच सांगतो, आणि मध्ये एक कोर्टाचा खटला.

1982 साली न्यू जर्सीत उतरलो तोवर मला वंश नव्हताच. आडनाव होतं, गाव होतं, जात तर होतीच. इथे कुणी 'कुठले?' म्हणालं की सातारा सांगायचं, समोरच्याचा मामा तिथलाच निघायचा. तिकडे 'कुठले?' विचारणाऱ्याला साताऱ्याशी देणंघेणं नसतं, त्याला रंगाचा खुलासा हवा असतो. ऑफिसात बारा वर्षं मला 'इंडियन इंजिनिअर' म्हणत. शेजारच्या टेबलावरचा पोलिश होता, तो नुसता इंजिनिअर.

गंमत म्हणजे 1970 च्या जनगणनेत अमेरिकेतले भारतीय 'गोरे' म्हणून मोजले गेले होते. 1980 ला आमच्यासाठी 'एशियन इंडियन' अशी वेगळी चौकट आली. मधल्या दहा वर्षांत कुणाचा रंग उतरला नव्हता. भारतीय संघटनांनीच ती मागून घेतली, कारण अल्पसंख्याकांचं संरक्षण हवं तर आधी तसं मोजलं जायला हवं. हिशेब चोख होता.

त्याच्या अर्धशतक आधी मात्र एक भारतीय 'मी गोराच आहे' म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. भगतसिंग थिंड. अमृतसरकडचा शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. तेव्हा नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना. थिंडच्या बाजूने युक्तिवाद झाला की हा उच्चवर्णीय, शुद्ध आर्य रक्ताचा. आता शिखाने वर्णाचा दाखला द्यावा, हे एक नवलच. 1923 च्या फेब्रुवारीत कोर्टाने एकमताने सांगितलं, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस 'गोरा' म्हणतो त्यात तुम्ही येत नाही. पुढे ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं अशा कित्येक भारतीयांचंही काढून घेतलं गेलं.

निकाल वाचून माझं रक्त तापलं. मग मी थिंडच्या बाजूचं निवेदन वाचलं. त्यात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: लग्नसंबंधाच्या बाबतीत गोरा अमेरिकन निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे पाहतो. म्हणजे आम्ही तुमच्यातलेच, कारण शिवाशिवीत आम्हीही कमी नाही! हा आमच्या वकिलीतला मुद्दा होता.

हे वाचलं 2012 मध्ये, आणि वाचायला एक कारण घडलं होतं. आदल्या वर्षी लेकीने एका मुलाचा फोटो दाखवला. मुलगा हॉस्पिटलात नर्स, उंचापुरा, हसरा, काळा. सावळा, निमगोरा, गव्हाळ अशा ज्या छटा आपण स्थळं बघताना पाडतो त्यांतली एकही लागू पडत नव्हती. मी विचारलं, "घरचे कसे आहेत?"

ती म्हणाली, "बाबा, काकांच्या सुनेच्या वेळी हे नव्हतं विचारलंत."

खरं होतं. पुतण्याने आयर्लंडकडची मुलगी केली तेव्हा आम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलं, सून गोरीपान आहे हो. तिचे वडील काय करतात हे मला आजही नीट माहीत नाही.

लग्न झालं, 2013 ला. व्हर्जिनियात, त्याच्या गावी. काळ्या-गोऱ्यांचं लग्न त्या राज्यात 1967 पर्यंत गुन्हा होता. विहीणबाई तेव्हा शाळेत होत्या. आमच्याशी त्या अतिशय अदबीने वागल्या, म्हणजे परक्यासारख्या. त्यांना आमचा तो प्रश्न कुणी सांगितला नव्हता, पण सांगायला लागत नाही.

नातू झाला. 2020 च्या एप्रिलमध्ये तो चार वर्षांचा, जावई कोविड वॉर्डात, म्हणून लेक पोराला घेऊन आमच्याकडे. जनगणनेचा फॉर्म तिने आमच्याच डायनिंग टेबलावर भरला, पोराच्या नावापुढे दोन चौकटींत खुणा केल्या. 2000 पासून तसं करता येतं. पाच मिनिटांचं काम.

केसांचं तसं नव्हतं. दुकानं बंद, दाट कुरळे केस वाढलेले, लेक दिवसभर कॉलवर. हिने सवयीने कोरड्या केसांत वरून बारीक फणी घातली, आणि पोराने घर डोक्यावर घेतलं. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी हिने विहीणबाईंना स्वतःहून फोन केला, लग्नानंतर पहिल्यांदा. केस ओले करा, रुंद दातांचा कंगवा घ्या, टोकाकडून सोडवत वर या. तेल कुठलं, यावर मात्र दोघींचं पटेना. ही खोबरेलावर अडून, त्या एरंडेलावर.

फोन पाऊण तास चालला. केसांचा विषय पहिल्या दहा मिनिटांतच संपला होता.