फोक मेटलचे हे अल्बम ऐकाच

श्रोतेहो, नमस्कार.

फोक मेटल, म्हणजे मेटल या दणदणीत रॉक संगीतात लोकसंगीत मिसळणारा प्रकार, म्हटलं की सगळ्यांना आधी वाद्यं आठवतात. गिटारच्या गदारोळात घुसलेली बासरी, फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, नाहीतर बॅगपाइप. कानाला ते गोडही लागतं. पण या प्रकारातलं माझं सर्वांत लाडकं गाणं विचाराल, तर त्यात यातलं एकही वाद्य पुढे येत नाही. आयर्लंडच्या प्रायमॉर्डियल या बँडचं ते गाणं, 'द कॉफिन शिप्स', म्हणजे शवपेट्या झालेली जहाजं. 2005 साली आलेल्या 'द गॅदरिंग विल्डरनेस' या अल्बममधलं.

1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर; पीक बसलं आणि घरंच्या घरं बसली. पुढच्या सहा-सात वर्षांत उपासमारीनं आणि तापानं सुमारे 10 लाख माणसं मेली, निदान तेवढीच देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडला जात होतं. अमेरिकेकडे निघालेल्या जहाजांत माणसं कोंबलेली असायची, आणि त्यातली कितीतरी किनारा दिसायच्या आधीच दगावायची. हे सगळं प्रायमॉर्डियलनं दहा मिनिटांच्या एका गाण्यात घेतलंय. ड्रमचा ठेका आयरिश चालीसारखा तिनाच्या झोक्यात हलतो. गिटारच्या मोकळ्या तारा घुमत राहतात. आणि गायक अॅलन अॅव्हरिल इथे गुरगुरत नाही, लांबच्या माणसाला हाका माराव्यात तसा गातो. शब्दन् शब्द कळतो. म्हणून माझं म्हणणं असं, की फोक मेटलचा अल्बम हातात आला की त्यातली वाद्यं मोजत बसू नका. त्यात कुणाची आठवण आहे, कुणाची बोली आहे, कुठली जमीन आहे, ते आधी ऐका.

आता हे सुरू कुठे झालं? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या स्कायक्लॅड या बँडनं 1991 साली 'द वेवर्ड सन्स ऑफ मदर अर्थ' काढला आणि थ्रॅश मेटल या मेटलच्या वेगवान प्रकारात फिडल आणलं. फोक मेटलचा पहिला अल्बम म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याचा मान त्याला आहेच. पण माझ्या मते खरा पाया आदल्या वर्षी स्वीडनमध्ये घातला गेला होता.

तो अल्बम म्हणजे बाथरीचा 'हॅमरहार्ट', साल 1990. बाथरी म्हणजे मुख्यतः एकच माणूस, क्वॉर्थॉन. आधी त्यानं सैतानाच्या नावानं किंचाळणारी गाणी केली होती. मग त्याला वाटलं, सैतान तरी कुठे आपला? तोही ख्रिस्ती धर्माबरोबरच आला. म्हणून तो त्याही मागे गेला, थॉर आणि ओडिन या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांच्या काळात. पेगन मेटल म्हणतात ते हेच: चर्च येण्याआधीच्या देवदेवता आणि त्यांच्याबरोबर गेलेलं जग. शेवटाकडचं 'वन रोड टू आसा बे' नक्की ऐका. गावात नवा देव आलाय, त्याच्यासाठी मंदिर बांधायला गावकऱ्यांना जुंपलंय, चारातलं एक नाणं त्याला द्यावं लागतंय, आणि न देणाऱ्याला फटके बसताहेत. क्वॉर्थॉनचा गळा काही तयार नाही. वरच्या सुरात तो सरळ घसरतो. पण तालीम घेतलेल्या गायकानं हेच गाणं म्हटलं असतं, तर मला ते इतकं पटलं नसतं. 2004 साली तो गेला, जेमतेम अडतीस वर्षांचा होता.

यानंतर फिनलंड. इथे मी जरा रेंगाळणार आहे. एलियास ल्यॉनरोट नावाच्या डॉक्टरनं फिनलंड-रशियाच्या सीमेवरच्या कारेलिया या मुलखाच्या खेड्यापाड्यांत हिंडून लोकांच्या तोंडची गाणी उतरवून घेतली आणि त्यातून 'कालेवाला' हे महाकाव्य रचलं. पहिली आवृत्ती 1835 ची, पन्नास सर्गांची मोठी आवृत्ती 1849 ची. 1994 साली अमॉर्फिस या बँडमधल्या विशीतल्या पोरांनी हे काव्य उचललं आणि 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' केला. त्यातलं 'ब्लॅक विंटर डे' हे पाठवणीचं गाणं आहे. लग्न होऊन निघालेली मुलगी म्हणते की सुखी माणसाचं मन वसंतातल्या पहाटेसारखं असतं, आणि माझं मन हिवाळ्यातल्या काळ्या दिवसासारखं झालंय. हे शब्द एक पुरुष घशातून गुरगुरत म्हणतो. वाचताना विचित्र वाटेल. ऐकताना मात्र कीबोर्डची ती साधी, परत परत येणारी चाल सुरू होते आणि त्या मुलीचा कोंडलेला हुंदका त्या गुरगुरण्यातच सापडतो. माझ्याकडे एकच अल्बम ठेवायची वेळ आली, तर मी हाच ठेवीन.

फिनलंडमध्येच फिनट्रोलनं हुंपा नावाच्या नाचगाण्याचा उडता ठेका मेटलमध्ये आणला. 2001 चा 'याक्टेन्स टिड' त्यासाठी ऐकावा, पाय जागेवर राहत नाहीत. कोर्पिक्लानी, एन्सिफेरम हेही तिथलेच. मैफिलीत मजा आणतात, घरी मी फारसे लावत नाही. मूनसॉरोचं तसं नाही. त्यांच्या 2007 च्या 'हॅविटेट्टी'मध्ये दोनच गाणी आहेत, एक तीस मिनिटांचं आणि दुसरं त्याहून थोडं लहान.

नॉर्वेत सोग्न नावाचा फ्योर्डकाठचा, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकाठचा, मुलूख आहे. तिथल्या वाल्फार या तरुणानं विंडिर हा बँड काढला आणि पहिल्या अल्बममध्ये आपल्या मुलखाच्या बोलीत गायला. सोग्नमध्येच 1184 साली फिम्राइटची लढाई झाली, राजा स्वेर्रे आणि राजा मॅग्नस यांच्यात. त्या सालाचंच नाव त्यानं 2001 च्या अल्बमला दिलं. गिटारवरच्या चाली गावच्या नाचातून उचलल्यासारख्या वाटतात, त्यांचा वेग मात्र वादळाचा. जानेवारी 2004 मध्ये घराण्याच्या डोंगरातल्या झोपडीकडे चालत जाताना वाल्फार हिमवादळात सापडला आणि गेला. पंचवीस वर्षांचा होता. तो आणखी काय करू शकला असता, हा विचार आजही मला छळतो.

रोमानियाच्या नेगुरा बुंजेटचा 2006 चा 'ओम' अवघड आहे, पहिल्यांदा हाती लागत नाही. त्यांच्या संगीतात नाय ही अनेक नळ्यांची बासरी आहे, आणि मठांत प्रार्थनेची वेळ कळवायला हातोडीनं ठोकतात ती तोआका नावाची लाकडी फळीही. ती फळी ड्रमच्या बाजूनं वाजायला लागली की डोंगर आणि जंगल खरोखर खोलीत येतात. स्वित्झर्लंडच्या एलुवेइटीचा 'स्लानिया', 2008 चा, याच्या उलट: लगेच आवडणारा. त्यात हर्डी-गर्डी आहे. हातानं दांडा फिरवला की चाक तारांवर घासतं आणि सूर उमटतो. त्यातल्या 'इनिस मोना'ची मूळ चाल फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका जुन्या गाण्याची आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पूर्वजांच्या देवांचं नाव घेत या प्रकारात वंशद्वेष पसरवणारेही घुसले आहेत. आठवण जपणं वेगळं आणि शेजाऱ्याचा तिरस्कार करणं वेगळं. अनोळखी बँड ऐकण्याआधी त्याची चौकशी जरूर करा.

आणि हे सगळं युरोपातच अडकलेलं नाही. मंगोलियाच्या 'द हू'नं 2019 च्या 'द गेरेग'मध्ये घोड्याच्या केसांच्या दोन तारांचं मोरिन खूर हे वाद्य आणि घशातून काढलेले दुहेरी सूर आणले. दिल्लीच्या ब्लडीवुडच्या 2022 च्या 'रक्षक'मध्ये ढोल आणि बासरी तर आहेच, पण मला महत्त्वाचे वाटतात ते त्यांचे शब्द, आजच्या रस्त्यावरचे.

कुठून सुरुवात करावी? गुरगुरणारा आवाज सोसत नसेल, तर आधी 'हॅमरहार्ट', मग 'द गॅदरिंग विल्डरनेस'. कान तयार झाला की अमॉर्फिस आणि विंडिर. मूनसॉरोची ती दोन गाणी सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. जवळपास तासभर लागतो आणि मध्येच उठून चालत नाही.