तीनशे मुली

(केडगाव स्टेशन, सकाळ. दौंडकडे निघालेली गाडी फलाट सोडते.)

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की तासा-सव्वातासात केडगाव येतं. ऊस, गुऱ्हाळं, आठवड्याचा बाजार. स्टेशनाजवळच मुक्ती मिशनचं मोठं आवार आहे. आज तिथे शाळा आहे, चर्च आहे, निराधार बायका-मुलांचं घर आहे. पंडिता रमाबाईंनी ही जमीन घेतली तेव्हा इथे फळबाग करायची होती.

त्यामागचा हिशेब सरळ होता. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं. पैसा अमेरिकेतल्या मदतनीसांचा, आणि तोही दहाच वर्षांच्या बोलीवर. मुदत संपेल तोवर झाडं फळाला येतील आणि संस्था आपल्या पायावर उभी राहील, असा बाईंचा बेत. व्यवहार त्यांना चांगला कळत होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे त्यांनी जे केलं ते कुठल्याच वहीत बसणारं नव्हतं.

(1896. भेगाळलेली जमीन.)

मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात पोचल्या आणि रमाबाई आतून हलल्या. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून स्वकीयांचा रोष पत्करलेला माणूस. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थं पायी फिरत राहिलं. शेवटी जवळचं सगळं संपलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा रमा शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. दारात उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहायला लागले. शेजारीण समजली. तिने भाकरी दिली. आईच्या अंगात ती खाण्याचं त्राण उरलं नव्हतं.

आई गेली, तर खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसऱ्या खांद्याला भाऊ श्रीनिवास, चौथ्याला रमा. मसण तीनेक मैलांवर. रमा ठेंगणी, तिचा खांदा बाकीच्यांच्या उंचीला पोचेना. मग तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला.

(क्षणभर शांतता.)

त्यानंतर बावीस वर्षांनी हीच बाई दुष्काळी मुलखात शिरली. सरकारी आश्रयस्थान म्हणून जे पहिलं दाखवलं गेलं ते घर नव्हतंच, गावाबाहेरची झाडी होती. झाडांखाली राखेत, धुळीत माणसं पडलेली. पोरक्या मुलींना गोड बोलून पळवणारे दलाल आसपास घिरट्या घालत होते. रमाबाईंना त्या गर्दीत कोण दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तीनशे मुली वाचवायच्या, हे देवानेच आपल्या मनात घातलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. पैसे कुठून येतील? त्यांचं उत्तर एकच, देव देईल. ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटू शकतो. तेव्हाही अनेकांना वाटला.

ही श्रद्धा डोळे मिटून आलेली नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी, मठातल्या ख्रिस्ती जोगिणींशी वादही सुरू झाले. पटत नाही ते मानणार नाही, हा त्यांचा खाक्या. मांस त्यांनी तिथेही खाल्लं नाही. इकडे 1893 मध्ये, सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गहजब झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावच्या धर्मांतरांवर तेव्हा टीका झाली, आजही होते, आणि तो प्रश्न खोटा नाही. पण राखेत पडलेल्या मुलीला उचलायला त्या घडीला किती हात पुढे आले होते, हाही प्रश्नच आहे.

मुलींना आणायचं कुठे? पुण्यात प्लेग शिरला होता. शहरात नवी माणसं ठेवायला मनाई. म्हणून मुली केडगावला आल्या, त्या फळबागेच्या जमिनीवर. इमारत नव्हती. तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या.

1897 मध्ये रमाबाईंनी सरकारशीही पंगा घेतला. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. ख्रिस्ती बाई म्हणजे साहेबाच्या बाजूची, असं धरून चाललेल्यांची पंचाईतच झाली. गव्हर्नरने आरोप नाकारले. बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

(विहीर. छापखान्यातले जुने खिळे, शिशाची अक्षरं.)

केडगावात विहिरी खणल्या गेल्या, माग लागले, छापखाना आला. मुली खिळे जुळवायला शिकल्या. कन्या मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवली.

1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला. अमेरिकेची मूळ दहा वर्षांची मुदत तोवर संपलेली, आणि आवारात आधीच शेकडो तोंडं. रमाबाईंनी आपली माणसं गुजरातेत पाठवली. वर्ष संपेपर्यंत केडगावात पंगतीला बसणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती.

(गाडीची शिट्टी.)