दुसऱ्या कॉइलकडे लक्ष द्या

मंडळी, बिनतारी वीज पाठवणारी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, घरी बनवायला घेतलेली मुलं बहुतेक एकाच ठिकाणी अडतात. एलईडी लागतो, पण दोन्ही कॉइल जवळजवळ चिकटवल्यावरच. जरा लांब नेलं की गेला. मग दीड व्होल्टच्या सेलच्या जागी नऊ व्होल्टची बॅटरी येते, वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर तापतो, जळतो आणि सगळं सामान माळ्यावर जातं. माझं म्हणणं असं, की अंतर वाढवायला बॅटरीला हात लावायची गरज नाही. दोन कॉइल एकमेकींशी जुळवाव्या लागतात, आणि ते काम मुख्यतः घेणाऱ्या कॉइलपाशी करायचं असतं. तिच्याकडे कोणी बघतच नाही.

आधी पाठवणारी करू. २४ गेजची, इनॅमल म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप चढवलेली तांब्याची तार लागेल. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे ती असतेच. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडलाही मिळेल. एका कॉइलला ११ मीटर पुरते. साधारण १० सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या बरणीवर १५ वेढे घाला, बोटभर तार दुमडून तिला पीळ द्या, आणि त्याच दिशेने आणखी १५ वेढे घाला. त्याच दिशेने, हे पुन्हा सांगतो. पिळानंतर हात उलटा फिरला तर दोन भाग एकमेकांच्या विरोधात जातात आणि सर्किट सुरूच होत नाही. गुंडाळी बरणीवरून अलगद सरकवून काढा आणि चार ठिकाणी दोऱ्याने बांधा.

तारेची टोकं आणि मधला पीळ पॉलिश पेपरने नीट घासा. इनॅमल डोळ्यांना दिसत नाही, तार नुसती चकचकीत तांब्याची वाटते. म्हणून मल्टिमीटर लावून बीप ऐकल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घ्यायची नाही.

जोडणी अगदी थोडी आहे. मधला पीळ सेलच्या प्लसला. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात. कॉइलचं एक टोक २एन२२२२ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, दुसरं टोक एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला, आणि एमिटर सेलच्या मायनसला. प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरमध्ये काही कंपन्यांचे पाय उलट क्रमाने असतात, तेवढं कंपनीच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, बघून घ्या. आता कॉइलच्या दोन बाहेरच्या टोकांमध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, बसवा. त्याच्यावर १०३ असं छापलेलं असतं. शक्यतो पॉलिएस्टरचा घ्या; स्वस्तातल्या सिरॅमिकच्या चकतीची साठवणक्षमता तापमानाबरोबर सरकते आणि आपली सगळी मेहनत त्या क्षमतेवरच उभी आहे. अशा कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला ती किती विरोध करते त्याचं माप, अंदाजे १७० मायक्रोहेन्री भरतो. म्हणजे सर्किट सेकंदाला एक लाख वीस हजारांच्या आसपास आंदोलनं करतं. फोनचे वायरलेस चार्जर याच पट्ट्यात चालतात. घरातल्या २३० व्होल्टशी या खेळाचा काहीही संबंध ठेवायचा नाही, एक साधा सेल पुरे.

दुसरी कॉइलही ३० वेढ्यांचीच, पण मधला पीळ नको. तिच्या टोकांना दोन लाल एलईडी एकमेकांना समांतर, पण उलटसुलट जोडा. वीज दोन्ही दिशांनी येते, आणि एकच एलईडी लावला तर उलट्या व्होल्टेजने तो खराब होऊ शकतो. लालच घ्या. त्याला पावणेदोन-दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात.

ही कॉइल पहिलीवर ठेवा, एलईडी लागतील. उचला, लगेच मावळतील. इथवर शास्त्रज्ञ फॅरडेचा १८३१ सालचा शोध आहे: बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत व्होल्टेज निर्माण करतं. आता दुसऱ्या कॉइलच्या टोकांमध्येही तसाच १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि पुन्हा उचलून बघा. जुळणी बरोबर बसली तर कॉइलच्या व्यासाइतक्या अंतरापर्यंत उजेड टिकतो. सेल तोच, तार तीच. सतारीवर वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा हात न लावता बोलतात, पण त्या सुरात लावलेल्या असतील तरच. इथे सूर लावायचं काम कपॅसिटर करतो. प्रत्येक आंदोलनात आलेली थोडी थोडी ऊर्जा कॉइल आणि कपॅसिटरमध्ये साठत जाते आणि एलईडीला पुरेल इतकं व्होल्टेज उभं राहतं.

पहिल्याच फटक्यात जुळेल असं मात्र नाही. बाजारातले कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा दहा टक्के इकडेतिकडे असू शकतात. त्याने वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, पाच टक्के सरकते, आणि तेवढ्याने निम्मं अंतर हातचं जातं. म्हणून घेणाऱ्या कॉइलवर सुरुवातीला दोन वेढे जास्त घाला. मग एकेक वेढा सोडवत जा. तिसांतला एक वेढा काढला की वारंवारिता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. दर वेळी कॉइल सावकाश वर नेऊन एलईडी कुठे मावळतो तिथे पट्टीवर खूण करा. खुणा वर वर जातात आणि एका वेढ्यानंतर खाली यायला लागतात. तो वेढा परत घाला. विकतच्या तयार मॉड्यूलमध्ये हे शिकायला मिळत नाही, म्हणून ती मुलांना आणून देऊ नका, असं मी पालकांना आवर्जून सांगतो.

मग खोलीभर वीज का नाही पाठवता येत? कॉइलपासून दूर गेल्यावर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठवा भाग उरतं, आणि मिळणारी शक्ती चौसष्टावा. दूरवर बिनतारी वीज पाठवायचं स्वप्न पाहणाऱ्या निकोला टेस्ला या संशोधकाने १९०१ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला. पैसा आटला आणि १९१७ मध्ये तो पाडला गेला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने ६० वॅटचा दिवा दोन मीटरवरून पेटवला, तोही रेझोनन्स, म्हणजे हीच सुरांची जुळणी, वापरूनच. त्यांच्या कॉइल ६० सेंटिमीटर व्यासाच्या होत्या आणि ऊर्जेचा सुमारे ४० टक्के भागच पलीकडे पोचला. थोडी ऊर्जा, थोडं अंतर, हेच या तंत्राचं खरं क्षेत्र आहे. मेट्रोच्या कार्डात सेल नसतो; आतल्या पातळ कॉइलला मशीनकडून १३.५६ मेगाहर्ट्झवर जेवढी ऊर्जा मिळते तेवढ्यावर त्याची चिप चालते.

व्याख्यान संपल्यावर टेबलापाशी या. तिथे तीन कॉइल ठेवल्या आहेत. तिसरीला सेल नाही, एलईडी नाही, नुसता कपॅसिटर आहे. घेणारी कॉइल उजेड जाईपर्यंत लांब न्या आणि ही तिसरी दोघींच्या मध्ये धरा. एलईडी पुन्हा लागतील. मग तिच्या कपॅसिटरचा एक पाय सोडवा आणि तशीच मध्ये धरून बघा. शेजारी ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, तोही मध्ये घालून बघा. घेणारी कॉइल पहिलीच्या बरोबर वर, पण काटकोनात उभी धरली तर काय होतं, ते मी सांगत नाही. आधी अंदाज करा, मग हातात घ्या.