ट्रॅक लिहिणारा प्रोग्रॅम : १५४१ ड्राइव्हच्या आत

मित्रहो, कमोडोर ६४ वर फ्लॉपी फॉर्मॅट करायची आज्ञा दिली की पडद्यावर लगेच ‘रेडी’ येतं. संगणक मोकळा झालेला असतो. पुढची सुमारे ८० सेकंदं जो काही आवाज येतो, तो सगळा शेजारच्या खोक्यातला. त्या खोक्यात, म्हणजे १९८२ च्या १५४१ ड्राइव्हमध्ये, स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम आणि १६ केबी रॉममध्ये अख्खी डॉस, म्हणजे फ्लॉपीचा कारभार बघणारी प्रणाली, आहे. अटारी एसटीमध्ये हेच काम वेस्टर्न डिजिटलची १७७२ चिप करते. ट्रॅकचा (चकतीवरच्या एका वर्तुळाचा) आराखडा तिच्या हाती देता येतो, पण बिट कशा मांडायच्या ते तीच ठरवते. १५४१ मध्ये तेही सॉफ्टवेअर ठरवतं, म्हणून आपणही ठरवू शकतो.

आधी मूळ आराखडा बघू. ट्रॅक ३५. बाहेरच्या १ ते १७ ट्रॅकवर प्रत्येकी २१ सेक्टर (म्हणजे तुकडे), मग १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८ आणि आतल्या ३१ ते ३५ वर १७. एकूण ६८३ सेक्टर, प्रत्येकात २५६ बाइट. चकती मिनिटाला ३०० फेरे एकाच वेगाने घेते. बदलतो तो बिटचा वेग. बाहेर एक बिट ३.२५ मायक्रोसेकंदांत, आत ४ मायक्रोसेकंदांत.

बाइट थेट लिहीत नाहीत. चार बिटच्या जागी पाच बिट लिहायच्या, याला जीसीआर म्हणतात. वाचणारं सर्किट प्रत्येक ‘एक’ आला की आपलं घड्याळ जुळवून घेतं. शून्यं लांबली की मोजणी चुकते. म्हणून या तक्त्यात सलग दोनपेक्षा जास्त शून्यं कधीच येत नाहीत. ‘एक’ सलग किती येऊ शकतात? ५ चा कोड ०११११ आणि त्याच्यामागे १४ चा ११११०, म्हणजे जास्तीत जास्त आठ. सलग दहा ‘एक’ दिसले की तो सिंक, म्हणजे ‘इथून मजकूर सुरू’ ही खूण, हे हार्डवेअरने धरून ठेवलंय. डेटा कधी सिंकचं सोंग घेऊ शकत नाही. मला विचाराल तर या ड्राइव्हमधली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे हा तक्ता.

आता प्रोग्रॅम. मेमरी-राइटच्या आज्ञांनी आपला कोड ड्राइव्हच्या रॅममध्ये ढकलायचा आणि मेमरी-एक्झिक्यूटने सुरू करायचा. बाहेरच्या ट्रॅकवर एक बाइट २६ मायक्रोसेकंदांत जातो आणि प्रोसेसर एक मेगाहर्ट्झचा, म्हणजे हातात २६ सायकल. बाइट गेल्याची खूण प्रोसेसरच्या ओव्हरफ्लो पिनवर येते, त्यामुळे वाट बघायला ‘बीव्हीसी’ (खूण आली नसेल तर उडी मार) हा एकच आदेश स्वतःवर फिरवत ठेवला की झालं. मग खूण पुसणारा ‘सीएलव्ही’, बफरमधून बाइट उचलणं, पोर्टवर ठेवणं, मोजणी वाढवणं, परत फिरणं. सतराएक सायकल इथेच संपतात. उरलेल्या वेळात जीसीआरचं रूपांतर बसत नाही, ते आधी करून ठेवावं लागतं. अख्खा ट्रॅक मात्र रॅममध्ये मावत नाही: बाहेरचा ट्रॅक ७,६९२ बाइटचा आणि रॅम २,०४८ बाइटची! सुटका अशी, की फॉर्मॅट करताना सगळ्या सेक्टरांचा डेटा सारखाच असतो. त्याची ३२५ बाइटची एकच प्रत पुरते. सेक्टरचा क्रमांक सांगणारे हेडर तेवढे वेगळे, प्रत्येकी १० बाइट. २१ हेडरचे २१० बाइट २५६ बाइटच्या एका पानात आरामात बसतात.

खरी परीक्षा ट्रॅकच्या शेवटाला. हा ड्राइव्ह इंडेक्सचं भोक, म्हणजे फेरा कुठे सुरू होतो ते दाखवणारं चकतीतलं छिद्र, बघतच नाही. (त्यामुळेच एका बाजूच्या फ्लॉपीला दुसरी खाच पाडून, उलटी घालून वापरता यायची.) लिहिणं कुठेही सुरू होतं आणि फेरा पूर्ण करून सुरुवातीलाच येऊन भिडतं. हिशेब करून बघा: सिंक ५, हेडर १०, मधली मोकळी जागा ९, पुन्हा सिंक ५, डेटा ३२५; एका सेक्टरचे ३५४ बाइट. २१ सेक्टरांचे ७,४३४. उरले २५८, म्हणजे दोन सेक्टरांमध्ये बारा-बारा बाइट. मोटर ३१० फेऱ्यांनी फिरत असेल तर ट्रॅकवर ७,४४४ बाइटच मावतात आणि मोकळी जागा जवळजवळ नाहीशी होते. शेवटचा सेक्टर पहिल्याच्या सिंकवर चढायला मग थोडाही फरक पुरतो.

मूळ डॉस म्हणूनच आधी ट्रॅकची लांबी मोजते, मग लिहिते, मग वाचून तपासते. दहा सेकंदांत फॉर्मॅट करणारे प्रोग्रॅम निघाले त्यांनी मोजणी आणि तपासणी दोन्ही गाळली, मोकळी जागा ठरीव धरली. ३५ फेऱ्यांना नुसते सात सेकंद लागतात. बाकी वेळ हेड सरकवण्यात. मला हा सौदा अर्धाच पटतो. मोजणी गाळा, तपासणी गाळू नका.

एकदा ट्रॅक आपण लिहायला लागलो की डॉसला नको असलेलंही लिहिता येतं. हेडरमध्ये भलताच आयडी, डेटा तपासायची बेरीज चुकीची, किंवा सिंकच नसलेला ट्रॅक. गेम विकणाऱ्यांनी कॉपी रोखायला हेच केलं: आमच्या फ्लॉपीवर अमुक सेक्टर वाचताना २३ नंबरची चूक (डेटाची बेरीज जुळत नाही) आलीच पाहिजे, नाही आली तर ती नक्कल. यात बिचारा ड्राइव्ह भरडला गेला. वाचता आलं नाही की डॉस हेड मागे नेऊन अडसरावर आपटते, आणि असं वारंवार झालं की हेडची जुळणी बिघडते. हेड अर्ध्या ट्रॅकनेही सरकतं, पण ते रुंद असल्यामुळे शेजारच्या ट्रॅकवर पसरतं. अर्धा ट्रॅक वापरायचा तर शेजारचे दोन रिकामे सोडावे लागतात.

उपयोगाची गोष्ट हवी असेल तर ४० ट्रॅकचं फॉर्मॅट लिहून बघा. ३६ ते ४० वर १७-१७ सेक्टर, म्हणजे ८५ जास्त, एकूण ७६८. बरोबर १९२ केबी. अडचण नोंदीची. मोकळ्या सेक्टरांचा हिशेब डॉस १८व्या ट्रॅकवर ठेवते, तोही ३५ पर्यंतचाच. पुढच्या पाच ट्रॅकांची नोंद कुठे ठेवायची हे प्रत्येक सुधारित डॉसने आपापल्या मर्जीने ठरवलं, त्यामुळे एकीची फ्लॉपी दुसरीत घालून लिहायला जाऊ नका. आणि हेड ४० पर्यंत पोचतं का, हे आपल्याच ड्राइव्हवर आधी तपासा. काहींचा अडसर त्याआधीच लागतो.

कोड पडद्यावर लावतो. लिहिण्याच्या लूपपासून सुरुवात करू, प्रश्न मधेच विचारा.