थट्टेतही नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत रोज सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं कोणतं? माझ्या मते, ‘दादरला पोचलोच, पाच मिनिटांत येतो.’ बोलणारा लोकलच्या दारात लोंबकळत असतो आणि नेमकी तेव्हाच डब्यात घोषणा होते, ‘पुढील स्टेशन, विद्याविहार.’ पलीकडच्याला ती स्वच्छ ऐकू जाते. तोही काही बोलत नाही, कारण तो अजून घरातूनच निघालेला नसतो.

याने कुणाचं काय बिघडलं, असं आपण म्हणतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, आपल्या चाळी-वस्त्यांतल्या बुद्धविहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. आधी त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं, मग पंचशील, म्हणजे पाच नियम. ‘मुसावादा वेरमणी’ सगळे एका सुरात म्हणतात, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन. पाचांत हे चौथं शील मोडायला सर्वांत सोपं. चोरीपासून आपण चार हात लांब असतो, दारूवर घरातल्या बायका डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. खोट्यावर पहारा कुणाचा?

मज्झिम निकाय या पाली ग्रंथात राहुलोवाद सुत्त, म्हणजे राहुलला केलेला उपदेश आहे. राहुल म्हणजे तथागतांचा, भगवान बुद्धांचा मुलगा. परंपरा सांगते की तेव्हा तो सात वर्षांचा श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू होता. तथागत येताना दिसले, तसं त्याने आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात थोडं पाणी उरू दिलं आणि विचारलं, ‘राहुल, हे उरलेलं पाणी दिसतं का? जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण, भिक्षूपण एवढंसंच.’ मग तेही फेकून दिलं. मग भांडं पालथं घातलं. आणि शेवटी सांगितलं, थट्टेतही खोटं बोलणार नाही, असं शीक.

सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या लेखात, भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे सात पाठ सांगितले. त्यांत राहुलला केलेला खोट्याविषयीचा हा उपदेश आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाने हाही निवडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे तथागत विचारतात, ‘आरसा कशासाठी असतो?’ ‘पाहण्यासाठी, भंते.’ तसंच काया, वाचा आणि मन यांचं प्रत्येक कर्म करण्याआधी पाहा, करताना पाहा, केल्यावर पाहा. याने मला, दुसऱ्याला की दोघांना दुःख होतंय?

आधी पाहणं आणि मागाहून पाहणं आपल्याला ठाऊक आहे. मला मोलाचं वाटतं ते मधलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल काहीबाही आलेलं असतं. खरं-खोटं माहीत नाही, तरी आपण चार जणांना पाठवून मोकळे झालेलो असतो आणि अंगठा पाचव्या नावावर असतो. सुत्त सांगतं, चुकतंय हे करताना कळलं तर तिथेच सोड. चौघांना गेलंच आहे, आता एकाने काय होणार, हा हिशेब तिथे चालत नाही. त्या पाचव्या नावावरून अंगठा उचलणं, हीदेखील साधनाच की.

माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्म हवाच, असं बाबासाहेबांनी मांडलं. त्यामुळे आत्मपरीक्षणाला डोंगर-गुहा शोधायला नको. चाळीची सामाईक गॅलरी पुरते, नळावरची रांगही पुरते.

केल्यावर चूक दिसली तर? वाचेची, कायेची चूक गुरूंना किंवा जाणत्या सोबत्याला उघड सांगायची आणि पुढे जपायचं. मनातल्या वाईट विचाराबद्दल मात्र सांगत सुटा, असं तिथे म्हटलेलं नाही. त्याची लाज वाटू द्या, किळस येऊ द्या, एवढंच.

आणि कर्म चांगलं निघालं तर? सुत्ताचा हा भाग आपण हमखास गाळतो. तथागत म्हणतात, मग रात्रंदिवस कुशल गोष्टी शिकत आनंदात राहा. आपलं आत्मपरीक्षण म्हणजे बहुधा स्वतःला झोडपणं. गाडीत कुणासाठी सरकून चौथी सीट करून दिली असेल, घरकामाच्या मावशींचे पैसे त्यांनी मागायच्या आत हातात ठेवले असतील, साहेबासमोर खोट्या बिलावर सही करायचं नाकारलं असेल, तर रात्री दिवा मालवताना तेही आठवा आणि खुशाल खूश व्हा. तथागतांची परवानगी आहे.