तळ्यात विरघळलेली हवा

मे महिन्यातली सोलापूरची पहाट. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर वारा पडलेला. अशा वेळी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की समजावं, पाण्यातला ऑक्सिजन संपत आलाय.

साखर गरम चहात लवकर विरघळते. वायूचं नेमकं उलटं. गॅसवरच्या पातेल्यात उकळी फुटण्याआधीच कडेला बारीक बुडबुडे चिकटतात ना, ती पाण्यातली विरघळलेली हवाच बाहेर पडत असते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.५. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणून इथं आणखी थोडा कमी.

दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ मिळून तो ओढून घेतात. त्यामुळे दुपारी ३ वाजता मोजून तलाव निरोगी ठरवणं ही मोठी चूक. मोजायचं ते सूर्य उगवण्याआधी.

रीत विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची, १८८८ सालची. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यातच बुडवून भरा. बादलीतून ओतलंत तर बाहेरची हवा मिसळते. बुचाखाली एकही बुडबुडा नको. मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा. बूच लावून बाटली उलटीपालटी करा आणि साका, म्हणजे पाण्यात तयार होणारा न विरघळलेला गाळ, नीट बघा. तपकिरी असेल तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही, आणि त्या पाण्यात मासा जगणार नाही.

साका बसला की २ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल. साका विरघळतो, होता तेवढ्या ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं, पाणी पिवळं होतं. यातलं २०० मिलिलिटर घेऊन त्यात ब्युरेटमधून (खाली तोटी असलेल्या मोजनळीतून) ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडा. पिवळा रंग अगदी फिका झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातला तर आयोडीन त्याला घट्ट धरून बसतं आणि शेवट चुकतो. निळा रंग उडाला की थांबा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला.

आकडा ३ च्या खाली आला तर माशांना खाद्य टाकणं बंद करा आणि कारंजं किंवा पंप मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. ऊन चढलं की शेवाळ पुन्हा कामाला लागतं.